त्या बॅटऱ्या आमच्या होत्या, विनूभाऊ

विनूभाऊ,

काल कॉलनीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, तुमच्या फोटोच्या अगदी समोर. फोटोला हार, बाजूला समई, आणि माइकपुढे एकामागून एक माणसं. दीड तास मी तोंडं हलताना बघत बसलो. कोणी डोळे पुसत होतं, कोणी छातीवर हात ठेवत होतं, पर्सोनेल मॅनेजरनी तर दोनदा चष्मा काढून पुसला. काय बोलले ते मला कळलं नाही. तुमच्या नाटकातला बहिरा मुलगा बघून ज्यांनी रुमाल भिजवले तेच सगळे हॉलमध्ये होते, आणि समोर बसलेल्या खऱ्या बहिऱ्याला दोन शब्द खुणेनं सांगावेत असं एकालाही सुचलं नाही. चहा मात्र मला सगळ्यांच्या आधी दिला.

परत येताना मी रघूला विचारलं, काय म्हणाले सगळे? रघू म्हणजे मोशीचा, कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवरचा माझा जोडीदार, कान शाबूत असून हातांनी बोलायला शिकलेला. त्यानं सायकल कमरेला टेकवली, दोन्ही हात मोकळे केले आणि दीड तासाची सभा तीन खुणांत उरकली. गळ्यावर दोन बोटं. मग दोन्ही हात लांब पसरून मोठा. मग मूठ उघडून फुंकर.

आवाज. मोठा. गेला.

गळ्यावर दोन बोटं हे आमच्यातलं तुमचं नाव. ते मीच ठेवलं होतं, कारण तुमच्या आवाजाबद्दल लोक इतकं सांगायचे की दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. मी स्वतः तो कधी ऐकला नाही. सात वर्षांचा असताना तापात माझे कान गेले. त्यामुळे ज्या गोष्टीसाठी काल अख्खी कॉलनी रडली ती गोष्ट माझ्यापुरती नव्हतीच. मला माहीत होते ते तुमचे हात, तुमचं अक्षर आणि तुमच्या मिशा. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी आयुष्यात कोणाबद्दलच फारसं बोललेलो नाही, तेव्हा एवढी सूट मला मिळावी.

सभेनंतर दिलीपनं माझ्या हातात दोन चिठ्ठ्या ठेवल्या. दिलीप म्हणजे टाइम ऑफिसातला क्लार्क, तुमचा लाडका नट, आता कंपनीच्या कलाविभागाचा प्रमुख. पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'गृहपत्रिकेच्या खास अंकासाठी विनूभाऊंविषयी दहा ओळी द्या.' दुसरीत, 'पुढच्या महिन्यात त्यांच्या स्मरणार्थ तेच नाटक पुन्हा करतोय. मुलाच्या भूमिकेत स्टोअर्समधला नवा माणूस आहे. त्याला हात शिकवाल ना? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.' खाली 'प्लीज', आणि त्याखाली दोन रेघा.

दहा ओळी तर केव्हाच होऊन गेल्या. हे गृहपत्रिकेत छापणार नाहीत, ते मला माहीत आहे. पण दुसऱ्या चिठ्ठीचं उत्तर द्यायचंय, आणि त्याआधी आपलं भांडण संपवायला हवं. तुम्ही ते अर्ध्यावर टाकून उठून गेलात.

पुण्यात पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी मी पिंपरीला कामाला लागलो. बहिऱ्यांच्या शाळेतून आम्हा चौघांना एकदम उचललं आणि चौघांनाही प्रेस शॉपला टाकलं. कारण साधं होतं. तिथे पत्र्यावर दिवसभर प्रेस आपटायचे, कान असलेली माणसं काही वर्षांत बहिरी व्हायची, मग आधीच बहिरी असलेली घेतली तर बिघडलं कुठे? पुढे भोसरीला, चिंचवडला जिथे जिथे प्रेस बसले तिथे तिथे आमच्या शाळेतले लोक लागले. बहिरा माणूस गोंगाटात ठेवावा, एवढं कंपन्यांना बरोबर कळलं होतं.

तुम्ही पाचेक वर्षांनी सुपरवायझर होऊन आलात. इस्त्रीचा शर्ट, ओठ झाकून टाकणाऱ्या पिळदार मिशा, आणि चालण्यात असा रुबाब की जणू पडदा आत्ताच वर गेलाय. पहिल्या दिवशी तुम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओरडत होता. गळ्याच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या. त्या धडधडाटात तुमचा तो सुप्रसिद्ध आवाज शेजारच्या माणसापर्यंतही जात नव्हता, आणि दुपारी तुम्ही गरम पाणी पीत कोपऱ्यात बसलात. प्रेस शॉपमध्ये कान असलेले नि नसलेले सगळेच हातांनी बोलायचे. पंजा उभा म्हणजे थांब. बोट गोल फिरवलं म्हणजे चालू कर. कपाळावर बोट आडवं म्हणजे साहेब येतोय. त्या शेडमध्ये तुम्ही मुके होता आणि मी वक्ता होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या प्रेसपाशी आलात, दोन्ही हात पुढे केलेत आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणालात, शिकव.

तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला हे सुचलं नसतं. शाळेत आमच्या हातांवर पट्टी पडायची. ओठ वाचा, तोंडानं बोला, हात खाली, हा तिथला कायदा. हातांची बोली आम्ही शिकलो ती जेवणाच्या पंगतीत, मास्तरांची पाठ वळली की. लपूनछपून शिकलेली गोष्ट अंगात असते पण तिची लाज वाटते. माझ्या हातांत विद्या आहे असं मला पहिल्यांदा सांगणारे तुम्हीच. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर आज इतका राग आला नसता.

आणि मिशा. तुमच्या मिशांमुळे मला तुमचे ओठ दिसायचे नाहीत, म्हणून मी नेहमी चुकीचं काहीतरी समजायचो आणि तुम्ही वैतागायचा. एका सोमवारी तुम्ही मिशी ओठांच्या वर बारीक कापून आलात. सगळं शॉप हसलं. नाटकातला राजा एकदम तलाठ्यासारखा दिसायला लागला होता. वहिनी आठ दिवस तुमच्याशी धड बोलत नव्हत्या, असं तुम्हीच मला लिहून सांगितलंत. माझ्या सख्ख्या बापानं माझ्यासाठी मिशी कापली नव्हती.

लिहून, म्हणजे कामाची नोंद ठेवायच्या जॉब कार्डांच्या कोऱ्या बाजूवर. खुणांनी जिथे अडायचं तिथे आपण चिठ्ठ्या लिहायचो. तुमच्या सगळ्या माझ्याकडे आहेत, बिस्किटाच्या डब्यात. लोकांकडे तुमच्या आवाजाच्या आठवणी आहेत, आणि आठवणीत माणूस हवं ते भरतो. माझ्याकडे तुमचं अक्षर आहे.

कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी तुम्ही ते नाटक लिहिलंत तेव्हा आपली ओळख चांगली मुरलेली होती. एक नामांकित वक्ता बाप, त्याचा बहिरा मुलगा, आणि शेवटी मुलगा हातांनी बापाला आयुष्यभराचं साचलेलं सांगतो, बाप एकेक वाक्य मोठ्यानं बोलत जातो आणि बोलता बोलता खचतो. गोष्ट झकास होती. ती माझ्या घरची होती. माझे वडील आळंदीला भजनात पखवाज वाजवायचे, गावोगाव नाव होतं, आणि मी बहिरा झाल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. मी पखवाजाच्या पुडीवर तळहात ठेवून बसायचो. ताल हातात यायचा, बाप यायचा नाही. हे मी तुम्हाला तीन चिठ्ठ्यांवर लिहून दिलं होतं. तुम्ही पखवाजाचं भाषण केलंत, बाकी सगळं तसंच ठेवलंत.

मग भूमिकेचा विषय निघाला. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या मी आज पुन्हा क्रमानं लावल्या. मी काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे.

मी: मुलाचं काम मी करतो.

तुम्ही: अरे बाबा, तू क्यू कसा घेणार? आपली पाळी आली हे तुला कळणार कसं?

मी: पायानं.

तुम्ही: म्हणजे?

मी चपला काढल्या, कँटीनमधल्या लाकडी फळ्यांवर चढलो, पाठ तुमच्याकडे करून उभा राहिलो आणि रघूला खूण केली. रघूनं तुम्हाला सांगितलं, भाऊ, कुठंबी पाय आपटा. तुम्ही आपटलात. मी वळलो. तुम्ही लांब जाऊन हळूच आपटलात. मी वळलो. टाचेनं, चवड्यानं, सहा वेळा. बापाच्या पखवाजानं दिलेलं एवढंच तर माझ्याकडे होतं. रघूनं टाळ्या वाजवल्या. तुम्ही खूप वेळ डोकं खाजवलंत आणि लिहिलंत, 'मानलं बुवा. पण लोकांना खरा बहिरा बघवत नाही रे. जीव कळवळतो. त्यांना अभिनय बघायचा असतो. पुढच्या वर्षी नक्की बघू.'

पुढच्या वर्षी! डब्यातल्या तुमच्या चिठ्ठ्यांत हे दोन शब्द इतक्यांदा आहेत की शेवटी मी मोजणं सोडलं. शिवाय मी नुसती भूमिका मागत नव्हतो. आमच्यासारख्यांना प्रेसच्या बाहेर कुठेतरी जागा असते, आणि ती नुसती दयेची नसते, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. माझी बायको लता माझ्याच शाळेतली. ती मला म्हणायची, सगळी बोटं शाबूत आहेत तोवर यातून नीघ. प्रेसवर किती जणांची बोटं गेली ते तुम्ही सुपरवायझर होता, तुम्हाला सांगायला नको. ऐकणाऱ्याचं बोट गेलं तर बोट जातं. आमचं गेलं तर अर्धी जीभ जाते.

तरी मी दिलीपला तीन महिने शिकवलं. दिलीपचे केस छान, दात छान, उच्चार म्हणे फारच छान. हात म्हणजे नुसते पंखे. एकेक खूण मी त्याच्या मनगटाला धरून बसवली. चेहरा मात्र बसेना. हातांनी 'मेलो' म्हणायचा आणि चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोसारखं हसू. आमच्या बोलीत अर्धं बोलणं भुवयांत असतं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

प्रयोगाला आठ दिवस असताना दिलीपला ताप आला आणि तालीम अडू नये म्हणून तुम्ही मला उभं केलंत. शनिवारची दुपार, कँटीन, खिडक्यांतून ऊन. बाप तुम्हीच करत होता. शेवटच्या प्रसंगाला मी हात उचलले आणि सुरू केलं. मला वेगळं काही करायचं नव्हतंच, माझ्या बापाला सांगायचं राहिलेलं सगळं तिथे आयतं लिहिलेलं होतं. मध्येच मला दिसलं की कँटीनवाला किटली तिरकी धरून तसाच उभा आहे आणि चहा कपाबाहेर चाललाय. सुतार पाट्या ठोकायचे थांबलेत. सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही बोलत होता, तुमची मान, तुमचे ओठ सगळं चाललं होतं. मग तुम्ही इकडेतिकडे बघितलंत. मग तुम्ही पंजा उभा केलात, थांब. प्रेस शॉपची खूण. तालीम तिथेच संपवलीत.

जाताना तुम्ही माझी पाठ थोपटलीत, हसलात आणि एक चिठ्ठी दिलीत. 'आज तालमीत माझ्याकडे कोणी बघितलं नाही.'

मी ती घरी नेली. लतानं दोनदा वाचली आणि आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली. रोज भांग पाडताना मी ती वाचायचो. एवढ्या मोठ्या नटानं दिलेली पावती आहे, असं आम्हा दोघांना वाटायचं. दोन दिवसांनी दिलीपचा ताप उतरला.

प्रयोग चिंचवडला एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आमची बावीस माणसं आली होती, पुढच्या दोन रांगा भरून, भोसरीहून, आकुर्डीहून, काही जण पहिली शिफ्ट करून तसेच. नाटकात हात आहेत म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! जन्मात पहिल्यांदा तिकीट काढून कळणारं नाटक बघायचं होतं. शेवटचा प्रसंग आला. दिलीपनं हात उचलले, आणि तुम्ही दिवे घालवलेत.

सगळे नाहीत. एक निळा ठेवलात, तोही तुमच्या चेहऱ्यावर. करुण प्रसंग आहे, तेव्हा अंधार हवा, असा तुमचा हिशेब. तालमी सगळ्या उजेडात झाल्या होत्या, दिव्यांचं मला काही माहीतच नव्हतं. तीन वर्षं माझ्याकडून बोली शिकलेल्या माणसाला हे कळू नये की हातांवरचा दिवा घालवला की आमच्यासाठी बोलणं बंद होतं? ऐकणाऱ्यांच्या नाटकात ऐन भाषणाला कोणी नटाच्या तोंडावर उशी दाबतं का? ऐकणाऱ्यांना तुमचा आवाज होता, त्यांचं काही अडलं नाही. ज्यांची गोष्ट होती ते बावीस जण काळोखात बसले.

लतानं पर्स उघडली. आम्हाला रात्रीचं सायकलवरून जायचं, रस्त्याला दिवे नव्हते, म्हणून सगळ्यांकडे बॅटरी असायचीच. तिनं बॅटरी काढली आणि झोत सरळ दिलीपच्या हातांवर टाकला. मी तिचा हात खाली ओढायला लागलो तर तिनं मला कोपरानं ढकललं. मागून दुसरी लागली, तिसरी लागली, मग सगळ्याच. बावीस गोल उजेड त्या दोन हातांवर. दिलीप क्षणभर बिचकला, पण हलला नाही.

परीक्षकांना ते फार आवडलं. हे मला रघूनं बक्षीस समारंभात खुणांनी सांगितलं आणि मी इतका हसलो की लोक वळून बघायला लागले. प्रेक्षागृहातून अंधाराला भेदणारे प्रकाशझोत, दिग्दर्शकाची असामान्य कल्पकता! तुम्ही ढाल घेऊन माइकपाशी गेलात. मी तुमच्या ओठांकडे डोळे लावून होतो. मिशी बारीक होती, दिसत होतं सगळं. 'बॅटरी' हा शब्द आला नाही. 'गजानन' हे माझं नावही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'बॅटऱ्या आमच्या होत्या.' तुम्ही लिहिलंत, 'हो रे. पण परीक्षकांना काय सांगू, माझे दिवे चुकले म्हणून?' मला हसू आलं. तुमच्यावर तेव्हा रागावता यायचं नाही, ही तुमची खरी कला होती. पुढच्या प्रत्येक प्रयोगाला तुम्ही पुढच्या रांगेत कामगार बसवून बॅटऱ्या लावायला सांगायचा. कान असलेले कामगार.

तरी मी तिथेही थांबलो असतो. मग पुण्याच्या नाटक कंपनीनं तुमचं नाटक घेतलं. ते पत्र तुम्ही स्वतः मला दाखवलंत. त्यांना हातांचं काम बघणारा एक माणूस पगारावर हवा होता. नट बदलला तर त्याला शिकवायचं, दौऱ्यावर हात नीट आहेत का बघायचं, आणि जिथे बहिरे प्रेक्षक येतील तिथे रंगमंचाच्या कडेला उभं राहून सगळं नाटक हातांनी सांगायचं. अशी नोकरी जगात असते हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही पत्रावर बोट ठेवलंत आणि मग माझ्याकडे दाखवलंत. लतानं त्याच आठवड्यात काळं कापड आणून मला पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवला. काळ्यावर हात उठून दिसतात.

नोकरी दिलीपला मिळाली. नाव तुम्ही सुचवलं होतंत. त्याला नोकरी लागल्याचं मला तुमच्याकडून नाही, टाइम ऑफिसमधल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीवरून कळलं. तुमची चिठ्ठी माझ्यापुढे आहे. 'तो फोनवर बोलू शकतो. दौऱ्यावर असाच माणूस लागतो. तुझी पक्की नोकरी गेली असती, फंड गेला असता. मी तुझं भलंच बघितलं.' बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात. माझी तर बोरंही तुम्ही त्याच्याच टोपलीत घातलीत. दिलीप दोन वर्षं महाराष्ट्रभर हिंडला, मग आपल्याच कारखान्यात कलाविभागाचा प्रमुख होऊन परतला. कोल्हापूरच्या माझ्या एका शाळूसोबत्यानं नाटक बघून मला पत्र टाकलं, 'हात फार सुंदर हलतात. काय म्हणतात ते कळत नाही.'

मी तुम्हाला एकच चिठ्ठी लिहिली. 'ती नोकरी माझी होती. का दिली नाहीत, खरं सांगा.' तुम्ही ती वाचलीत, घडी केलीत आणि खिशात घातलीत. त्यानंतर चार वर्षं आपण एकाच शेडमध्ये रोज आठ तास होतो, आणि बोललो ते एवढंच. थांब. चालू कर. साहेब येतोय.

गेल्या मंगळवारी रघू धावत माझ्या प्रेसपाशी आला. गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि पुढची खूण त्याला करवेना. कंपनीच्या बसमध्येच तुमचं हृदय थांबलं होतं. मी प्रेस बंद केला. खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला. असा कसा जातो हा माणूस, उत्तर न देता?

आज सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं. माझ्यासमोर बसल्या, मला ओठ दिसावेत म्हणून पदर बाजूला घेतला आणि सावकाश म्हणाल्या, "हे तुमचं. ह्यांच्या कपाटात होतं." सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. माझ्या चिठ्ठ्या. सगळ्या. पखवाजाच्या तिन्ही, पायानं क्यू घेण्याची, बॅटऱ्यांची. मला वाटलं होतं तुम्ही त्या कचऱ्यात टाकत असाल. मग वहिनींनी भिंतीवरच्या फोटोकडे बघून स्वतःच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं. "परत वाढवा म्हणून किती सांगितलं. म्हणायचे, गजा ओठ कसे वाचणार?"

चार वर्षं, विनूभाऊ. मी तुमच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हतो, आणि तुम्ही मिशी कापत होता. मी तिथे वहिनींसमोर रडलो. माझ्या रडण्याचा आवाज कसा येतो मला माहीत नाही. चांगला येत नसावा, कारण शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

पण तेवढ्यानं तुम्ही सुटत नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर माझी शेवटची चिठ्ठी होती. 'का दिली नाहीत, खरं सांगा.' मी ती उलटली. मागे तुमचं अक्षर. 'गजा, खरं सांगायचं तर'. पुढे काही नाही. शाई तीन-चार वेगवेगळ्या दिवसांची दिसते, तेच चार शब्द पुन्हा पुन्हा गिरवलेत. अख्ख्या कंपनीत शब्दांचा राजा, आणि पुढचा एक शब्द निघाला नाही.

घरी येऊन मी ती चिठ्ठी लताला दाखवली. तिनं आरशाच्या चौकटीतून जुनी काढली आणि दोन्ही माझ्यापुढे टेबलावर ठेवल्या, एकीला एक लावून.

गजा, खरं सांगायचं तर

आज तालमीत माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

उत्तर तुम्ही आधीच देऊन ठेवलं होतंत आणि मी मूर्ख ते आरशात लावून रोज भांग पाडत होतो. फोन नाही, फंड नाही, माझं भलं तर नाहीच. तुम्ही घाबरला होता. मला वाटायचं तुम्ही मला कमी समजता. ते परवडलं असतं. तुम्ही मला पुरतं ओळखलं होतंत, आणि म्हणून मला आयुष्यभर गोंगाटात ठेवलंत.

दुपारी रघू आला. त्याला सगळं दाखवलं. त्यानं पेन्सिल घेतली. तो बोलतो तसंच लिहितो. 'गजाभाऊ, शिकवायचं न्हाई. सोता हुबं ऱ्हायचं. म्या हाय फळीवर पाय आपटायला.' लतानं तोवर ट्रंक उघडून काळा शर्ट बाहेर काढला होता. पोटावर थोडा घट्ट होतोय. ती शिवण उसवते आहे.

दिलीपच्या चिठ्ठीचं उत्तर मी लिहिलं आहे. 'मुलाची भूमिका मी करणार. कलाविभागात हातांच्या कामाला कायमची जागा काढा, आणि त्या जागेवर आमच्यातला माणूस घ्या. तो मीच असावा असं नाही. हे होणार नसेल तर मी कोणाला काहीही शिकवणार नाही. शेवटच्या प्रसंगाला एकही दिवा जाणार नाही.' ते कबूल करतील की नाही, माहीत नाही. आता इथे महापालिका होणार, मोठं नाट्यगृह बांधणार असं म्हणतात. यांना नको असेल तर मी तिथे जाऊन दारात उभा राहीन. पण बहुतेक कबूल करतील, कारण महिन्याभरात हात शिकवणारा दुसरा माणूस पिंपरीत त्यांना मिळायचा नाही, आणि स्मृतिप्रयोग तर जाहीर झालाय.

बापाचं काम दिलीप करणार आहे. तुमचा आवाज त्याला नाही, असं रघू म्हणतो. मला काय फरक पडतो?

तिसऱ्या घंटेला रघू विंगेत तीनदा पाय आपटेल. बॅटऱ्या आणू नका, असं मी आमच्या सगळ्यांना कळवलं आहे. पहिल्या रांगेत, फोटोसमोर मला बसवलं होतं ना, तीच खुर्ची मी तुमच्यासाठी मोकळी ठेवायला सांगणार आहे. उजेड भरपूर असेल, विनूभाऊ. या वेळी नीट बघा.

गजा